गळकी जीप आणि एका गोळ्याचा इतिहास

मामांच्या अंगणात एक पुठ्ठा आहे. फ्रिजच्या खोक्याचा. भोरला त्यांच्या घरी जीप उभी करायची ती त्या पुठ्ठ्यावरच, असा मामींचा दंडक. कारण जीप गळते. इंजिन नाही, मागचं हाउसिंग नाही, फक्त पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने. रात्रभरात वाटीच्या बुडाएवढा काळा डाग. सकाळी मामी तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या की आधी पुठ्ठ्याकडे बघतात, मग जीपकडे, मग मामांकडे. बोलत काही नाहीत.

मी मेकॅनिकलचा इंजिनीअर. म्हणजे डिग्रीपुरता. कॅम्पसला जी पहिली कंपनी आली ती आयटीची होती, आणि त्यानंतर माझा आणि ग्रीसचा संबंध संपला. पण मामांच्या लेखी भाचा "मेकॅनिकलवाला", त्यामुळे जीपचं काहीही झालं की फोन मला. "अरे, डाव्या चाकाला तेल येतंय. काय करू?" मी हापिसात स्टँडअपमध्ये उभा. म्हटलं, "मामा, ऑइल सील गेलं असेल. बदलून टाका." सील म्हणजे काय, ते कुठे असतं, किती असतात, यातलं काहीही न आठवता दिलेला सल्ला. मामांनी इमानदारीत सील बदललं. दोन महिन्यांत पुन्हा गळती. पुन्हा बदललं. पुन्हा गळती. तिसऱ्यांदा मिस्त्रीने सील बसवताना सोबत कसलीशी पेस्टही फासली. ती महिनाभर टिकली.

इथपर्यंत ही गंमत होती. गंमत संपली ती श्रावणात, वरंध घाटात. मामा, मामी आणि माझी धाकटी मामेबहीण महाडहून परत येत होते. एका उतारावर मामांनी ब्रेक दाबला आणि जीप सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर. नशिबाने समोर काही नव्हतं. घरी येऊन ड्रम उघडला तर डाव्या बाजूचे लायनर तेलात भिजलेले, आणि तापलेल्या तेलाला गंधकासारखा उग्र वास. डावं चाक ब्रेक धरतच नव्हतं, सगळा भार उजव्यावर. मामा संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाले, "विकून टाकतो रे. आजोबांची आहे म्हणून किती दिवस ठेवायची?"

"सील बदला" हे मीच सांगितलं होतं. त्या वीकांताला मी भोरला गेलो. पण जायच्या आधी तीन रात्री बसून एक गोष्ट शोधत होतो: गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला मुळात तेल गळायला जागा ठेवलीच का? मागचा अ‍ॅक्सल बघा, एक सरळ बंद नळी, टोकाला चाक. पुढे मात्र चाकाच्या आत एक भलामोठा चकचकीत लोखंडी गोळा, त्याच्यावर एक वाटी, आणि त्या दोघांच्या फटीत ते बिचारं सील. हा गोळा कुणाच्या डोक्यातून आला?

उत्तर सापडलं ते अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या क्लिंटनव्हिल नावाच्या गावात. ऑटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिच हे तिथले मेहुणे-मेहुणे. लोहारकाम आणि यंत्रदुरुस्तीचं वर्कशॉप चालवायचे. गोष्ट अशी सांगतात की झॅकावची मोटार एकदा रस्ता सोडून वाळूत रुतली. पुढे जायला तयार नाही, पण रिव्हर्स टाकला की सुटते असं त्याच्या लक्षात आलं. म्हणजे चाकांनी गाडी ढकलण्यापेक्षा ओढली तर बरं, आणि ढकलणं-ओढणं दोन्ही एकदम केलं तर आणखी बरं. चारही चाकांना ताकद द्यायची कल्पना त्याआधीही होती (हॉलंडच्या स्पायकरने १९०३ सालीच तशी मोटार दाखवली होती), पण अडचण पुढच्या चाकांची होती. ते चाक वळायलाही हवं आणि फिरायलाही हवं. सरळ दांडा काही कोपऱ्यातून वाकत नाही.

या दोघांनी काढलेला तोडगा म्हणजे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या दोन तुकड्यांचा सांधा, आणि तो सांधा एका गोळा-वाटीच्या आत बंद. गोळा अ‍ॅक्सलला पक्का, वाटी चाकाला. चाक वळलं की वाटी गोळ्यावरून सरकते आणि आतला सांधा ताकद पोचवत राहतो. आपला खांदा साधारण असाच असतो, फक्त त्याच्यातून दांडा फिरत नाही. १९०८ साली त्यांना पेटंट मिळालं. त्यातून निघालेल्या एफडब्ल्यूडी कंपनीचे ट्रक, आणि त्याच राज्यातल्या केनोशाचे जेफरी क्वाड, हे १९१६ साली मेक्सिकोच्या मोहिमेत आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या चिखलात हजारोंनी धावले. बेसरडिच नंतर वेगळा झाला, आणि १९१७ साली त्याने सुरू केलेली कंपनी पुढे ऑशकॉश नावाने प्रसिद्ध झाली. ती आजही लष्करासाठी अवजड ट्रक बनवते.

तर मामींच्या पुठ्ठ्यावरचा डाग हा असा शंभराहून जास्त वर्षं जुना आहे. गोळा आला त्या दिवशी फट आली, आणि फट आली त्या दिवशी गळती.

पण गोळ्याच्या आत तेल-ग्रीस भरायची गरज का? कारण आतला सांधा. साधा युनिव्हर्सल जॉइंट (ज्याला हूकचा जॉइंट म्हणतात) आपण ट्रकच्या खाली प्रोपेलर शाफ्टला बघतो. त्याला एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूचा दांडा एकसारख्या वेगाने फिरवला तरी दुसऱ्या बाजूचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो, दोनदा पळतो. वाक जितका जास्त तितका हा चढउतार जास्त. गणित सोपं आहे: वेग कोसाइनच्या पटीपासून ते एक भागिले कोसाइनच्या पटीपर्यंत बदलतो. चाक ३० अंशांत वळलेलं असेल तर हे होतं ०.८७ ते १.१५. म्हणजे एकाच फेऱ्यात चाक कधी तेरा टक्के मागे, कधी पंधरा टक्के पुढे. स्टिअरिंग हातात थडथडतं, टायर झिजतात, सांधे तुटतात. (थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरला हे मला आलं होतं. वापरायची वेळ आता आली.)

यावर १९२० च्या दशकात तीन वेगवेगळ्या ठिकाणी उत्तरं निघाली. अमेरिकेत कार्ल वाइसने गोळ्यांचा एक जॉइंट काढला, तो पुढे बेंडिक्स-वाइस झाला. फ्रान्समध्ये जाँ-आल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फेनाय यांनी १९२६ साली ट्रॅक्टा जॉइंट काढला आणि त्याच नावाच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या मोटारी ल मान्सच्या शर्यतीत पळवल्या. आणि आल्फ्रेड रझेपाने सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट १९२७ साली पेटंट केला. तुमच्या आमच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकापाशी आज जो जॉइंट असतो तो याच रझेपाच्या घराण्यातला. या सगळ्यांमध्ये चकचकीत पोलादावर पोलाद घसटतं. त्याला भरपूर ग्रीस हवं, आणि त्यात मातीचा एक कणही जाता कामा नये. म्हणून गोळ्याची वाटी ग्रीसने भरलेली, आणि म्हणून फटीतलं सील. ते एकाच वेळी दोन कामं करतं: आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही.

आता जीप. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीबद्दल विचारलं. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा! (आपल्याकडच्या डेडलाइनबद्दल मी यापुढे तक्रार करणार नाही.) बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्टला बोलावून गाडी कागदावर उतरवली आणि २३ सप्टेंबरला नमुना छावणीत हजर केला. अ‍ॅक्सल टोलेडोच्या स्पायसर कंपनीकडून. त्यात तोच गोळा, तीच वाटी. पुढे मोठं काम विलीज आणि फोर्डला मिळालं आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. प्रत्येक जीपला पुढे दोन जॉइंट. एवढे जॉइंट कोणा एकाला पुरवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे युद्धातल्या जीपमध्ये बेंडिक्स-वाइस, रझेपा, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार प्रकारचे जॉइंट सापडतात. गोळ्याचा आकार तोच, आत ज्याचा मिळेल त्याचा जॉइंट. आपल्या भाषेत इंटरफेस पक्का, इम्प्लिमेंटेशन काहीही.

आणि सील? त्याचीही एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिरत्या दांड्याभोवतीचं तेल अडवायला लोक चामडं, नमदा आणि तेलात बुडवलेली दोरी वापरत. रबर का नाही? कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि लिबलिबीत होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेट्रोलमध्ये टाकून बघा. जर्मनीत वाइनहाइमला फ्रॉयडेनबर्ग नावाचा चामडं कमावण्याचा मोठा कारखाना होता. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी चामड्याची सील करायला घेतली. तिथल्या वाल्टर झिमर या इंजिनीअरने लोखंडी कड्यात बसवलेलं सील केलं, त्याचं नावच पडलं झिमररिंग. पण चामडंही तापलं की कडक होतं. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांचं तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर बाजारात आलं आणि चामड्याची जागा हळूहळू त्याने घेतली. आज टपरीएवढ्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं काळं सील हे त्याच वंशातलं.

पण जीपच्या गोळ्यावर नुसतं रबर पुरत नाही. रबराच्या जोडीला नमद्याची पट्टी असते, दोन अर्धगोल पत्र्यांनी दाबलेली. नमदा माती पुसतो, रबर ग्रीस अडवतं. इथे एक बारीक फरक आहे. इंजिनच्या दांड्यावरचं सील एकाच दिशेने सतत फिरणाऱ्या पृष्ठभागावर बसतं आणि चांगलं सील त्या फिरण्याचाच उपयोग करून तेल आत ढकलत राहतं. गोळ्यावरचं सील फिरत नाही, फक्त स्टिअरिंगबरोबर डावीकडे-उजवीकडे पुसतं. त्यामुळे ते जाड ग्रीस अडवू शकतं, पातळ तेलापुढे त्याचं फार चालत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाच गोळा आपल्याकडे आला तो मुंबईच्या धक्क्यावर. महायुद्धानंतर विलीजशी करार झाला आणि १९४९ साली माझगावला खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांतून महिंद्राने जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथेच बनवू लागले. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे त्याच्या पोरी-नातवंडं कितीतरी वर्षं निघत राहिली. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, डोंगरातल्या वडाप... महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुना मिस्त्री गाठा, त्याला "नकल उघडायचाय" एवढं सांगा. बाकी काही सांगावं लागत नाही.

असो. शनिवारी सकाळी मी आणि मामा जीप घेऊन गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. हे नवे, आधीचे तिघे वेगळे. मी एवढा सगळा इतिहास पाठ करून गेलेलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, "साहेब, बाहेर येतंय ते ग्रीस हाय का तेल?"

मी पुठ्ठ्यावरचा डाग आठवला. पातळ. पसरणारा. गंधकाचा वास. ग्रीस नव्हतंच ते, गेअर ऑइल होतं!

"मग ते तितलं न्हाईच. पाव्हणा हाय. कुठनं आलाय ते बघा की आधी."

गोळ्याच्या आत ग्रीस असतं. गेअर ऑइल असतं ते मधल्या डिफरन्शिअलमध्ये. दोघांच्या मधे, अ‍ॅक्सलच्या नळीच्या आत, आणखी एक सील असतं. ते बाहेरून दिसत नाही. मिस्त्रींनी डिफरन्शिअलचा प्लग उघडून बोट घातलं, तेल बरंच खाली. मग नकलचा प्लग काढला, तर आतून ग्रीसऐवजी काळं पातळ पाणी भळाभळा बाहेर. म्हणजे आतलं सील तेल सोडत होतं, तेलाने ग्रीस पातळ केलं, आणि ते पातळ मिश्रण बाहेरच्या सीलला न जुमानता दोन वाटांनी निघालं: गोळ्यावरून पुठ्ठ्यावर, आणि दांड्याच्या कडेने हबमध्ये, तिथून ब्रेकच्या ड्रममध्ये. आम्ही तीन वेळा जे बदललं ते सील निर्दोष होतं.

पण आतलं सील तरी का गेलं? मिस्त्री जीपखाली सरकले, हाउसिंगच्या वरच्या बाजूला बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "ब्रीदर कुठाय?"

ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलचं नाक. छोटंसं, बोटाच्या पेराएवढं. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. ती वाट बंद असेल तर हवा सगळ्यात कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे सील. उलटंही होतं. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल चहासारखं दुधाळ होतं.

आमच्या ब्रीदरवर काळ्या डांबरी थराचं जाड टोपण होतं. मिस्त्रींनी पाना लावून तो फिरवला. आम्ही नुकतेच आलेलो, अ‍ॅक्सल गरम होता. बारीक "फुस्स" असा आवाज आला. मामा आणि मी एकमेकांकडे बघितलं.

मग मला आठवलं. गेल्या वर्षी मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, जीपचा पत्रा गंजू नये म्हणून मीच मामांना खालून काळं कोटिंग करून दिलं होतं. माझ्या पैशाने, वाढदिवसाची भेट म्हणून. मारणाऱ्या पोराला मी उभं राहून सांगितलं होतं, "काही सोडू नको, सगळीकडे मार." त्याने सोडलं नाही. गळती सुरू झाली ती त्याच पावसाळ्यात. म्हणजे बग मी टाकला, तीनदा चुकीचा फिक्स मीच सुचवला, आणि टेस्टिंग झालं वरंध घाटात, घरची तीन माणसं आत बसवून.

मामांना हे सांगायला मला दहा मिनिटं लागली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का? चल, जॅक धर."

पुढचं काम रविवार संध्याकाळपर्यंत चाललं. जीप घोड्यांवर, चाक, हब, नकल सगळं उतरवलं. अ‍ॅक्सलचा दांडा बाहेर ओढून आतलं सील काढलं. त्याची कड उलटी वळलेली होती. नवं बसवलं, आणि डावं गेलं तर उजवं कशाला ठेवायचं म्हणून तेही. गोळ्यावर गंजाचे बारीक खड्डे होते, ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले, नाहीतर नव्या रबराची कड तेच खातात. चाक वर-खाली हलवून बघितलं तर किंगपिनच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. वाटी गोळ्यावर मध्यावर न बसता एका बाजूला झुकली की कुठलंही सील एका अंगाला उघडं पडतं. शिम काढून तो खेळ घालवला. नवा नमदा, नवं रबर, नकलमध्ये ताजं ग्रीस, डिफरन्शिअलमध्ये तेल. लायनर नवेच टाकले, तेल प्यायलेले लायनर धुऊन वापरायचे नाहीत. आणि ब्रीदर रॉकेलमध्ये धुऊन, फुंकून, परत बसवला. तो फुंकायचं काम मिस्त्रींनी माझ्याकडे दिलं. बहुतेक मुद्दाम.

निघताना मी विचारलं, "आता एक थेंबही नाही ना येणार?" ते हसले. "गोळा वला दिसंल. कोरडा झाला तर माज्याकडं या." पातळ थर गोळ्यावर राहणारच, त्यावरच सील सरकतं. थेंब पडला तर काळजी. अमेरिकेत १९७२ च्या जीपपासून तर गोळाच काढून टाकला, सांधा उघड्यावर ठेवला आणि तेल नळीतच अडवलं. पण लँड क्रूझर ७० आणि जिम्नी यांच्यात गोळा अजून आहे, कारण माती-पाण्यात सांधा झाकलेला असण्याचेही फायदे आहेतच. एकशे दहा-पंधरा वर्षांत या प्रश्नाला फक्त वेगवेगळ्या तडजोडी मिळाल्यात.

या गोष्टीला आता चार महिने झाले. मामा वरंध घाटातून दोनदा जाऊन आले, जीप सरळ थांबते. विकायचं नाव परत काढलेलं नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर रिमाइंडर लावलाय: "मामा, ब्रीदर". त्यांना फोन करतो, ते जीपखाली वाकून बोट लावून बघतात आणि "श्वास घेतोय" म्हणून सांगतात.

पुठ्ठा मात्र अजून तिथेच आहे. गेल्या वीकांताला बघितला, कोरडा होता. मी म्हटलं, मामी, आता काढा की तो. तर म्हणाल्या, "राहू दे. दिवाळीपर्यंत बघू."